दिसणाऱ्या जखमेपलीकडे

अपघात झालेल्या माणसाजवळ गेल्यावर आपण प्रथम काय पाहतो? रक्त. ते जिथून वाहते तिथेच आपली नजर खिळून राहते. माझेही तसेच झाले होते.

तीन वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका सकाळी माझे यजमान स्कूटरवरून वज्रेश्वरीच्या दर्शनाला निघाले होते. वय 67. शिरसाड फाट्याजवळ टेम्पोची धडक बसली. मी रुग्णालयात पोहोचले तेव्हा उजवी मांडी मोडलेली, कपडे रक्ताने भिजलेले. ते मात्र पुनःपुन्हा म्हणत होते, "डावा खांदा फार दुखतोय गं." खांद्यावर साधा ओरखडाही नव्हता. "खांद्याला काही झालेलं नाही, आधी पायाचं बघू द्या," असे मी त्यांना दटावलेसुद्धा. तेथील तरुण डॉक्टरांनी मात्र ते शब्द ऐकले आणि तातडीने पोटाची सोनोग्राफी केली. डाव्या बरगड्यांखालची प्लीहा फाटली होती. पोटात रक्त साचत होते. असे रक्त श्वासपटलाला डिवचते आणि वेदना डाव्या खांद्यात जाणवते, हे मला नंतर कळले.

त्याच दिवशी प्लीहा काढावी लागली. मोडलेल्या पायाला तूर्त बाहेरून सळ्यांचा आधार दिला. मांडीतला रॉड काही दिवसांनी बसवला. "पायाचे ऑपरेशन का लांबवता?" म्हणून आम्ही डॉक्टरांवर रागावलो होतो. एकाच वेळी अनेक इजा झालेल्या शरीराला दीर्घ शस्त्रक्रियेचा आणखी एक धक्का सोसवेलच असे नाही, म्हणून प्रथम जीव आणि मग हाड, असा तो क्रम होता.

या क्रमालाही एक इतिहास आहे. 1976 साली अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात जेम्स स्टायनर या अस्थिशल्यचिकित्सकाचे छोटे विमान कोसळले. पत्नी जागीच गेली, मुले जखमी झाली. जवळच्या रुग्णालयात मिळालेले उपचार पाहून ते अस्वस्थ झाले आणि त्यातून 1978 मध्ये डॉक्टरांसाठी प्रशिक्षणाची एक पद्धत आकाराला आली. आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण. सर्वांत भयंकर दिसणारी जखम नव्हे, तर सर्वांत लवकर जीव घेणारी जखम प्रथम. पुढे जगभर हाच क्रम शिकवला गेला.

आपल्या जिल्ह्यात या क्रमाआड रस्ताही येतो. जुलै 2025 च्या अखेरीस पालघरमध्ये झाडाची फांदी पडून एका महिलेच्या डोक्याला, खांद्याला आणि बरगड्यांना मार लागला. पुढील उपचारांसाठी मुंबईला निघालेली तिची रुग्णवाहिका महामार्गावरील कोंडीत काही तास अडकली आणि मुंबई गाठण्यापूर्वीच तिचे प्राण गेले. ती बातमी वाचून मी रात्रभर जागी होते. आमच्या वाट्याला मोकळा रस्ता आला, एवढाच काय तो फरक.

म्हणून काही गोष्टी आधीच ठाऊक असाव्यात. 108 ही रुग्णवाहिका सेवा विनामूल्य आहे. मान किंवा पाठ दुखावल्याची शंका असेल, तर जागा धोक्याची नसल्यास प्रशिक्षित माणसे येईपर्यंत जखमीला हलवू नये. रस्ते अपघातातील जखमींसाठी मे 2025 पासून केंद्राची योजना लागू आहे. नियुक्त रुग्णालयांत 7 दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख न भरता उपचार होतात. मदत करणाऱ्या त्रयस्थाला 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचे संरक्षण आहे. आणि पाकिटात आपल्या औषधांची चिठ्ठी ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल, तर ते डॉक्टरांना पहिल्या क्षणी कळलेच पाहिजे.

परंतु खरी परीक्षा पुढे असते. तिसऱ्या दिवशी यजमानांनी मला त्यांच्या दिवंगत बहिणीच्या नावाने हाक मारली. वयाचा आणि औषधांचा परिणाम, असे म्हणून मी गप्प बसले. परिचारिकेने मात्र त्यांचा वाढलेला श्वास मोजला आणि डॉक्टरांना बोलावले. मोठे हाड मोडल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत मज्जेतील चरबीचे कण रक्तातून फुप्फुसांत आणि मेंदूतही पोहोचू शकतात. तेच झाले होते. ज्येष्ठांचे अचानक असंबद्ध बोलणे कधीही वयावर ढकलू नका. डोक्याला मार लागला असेल, तर काही आठवड्यांनीही मेंदूवर हळूहळू रक्त साचू शकते. वाढती डोकेदुखी, झोपाळूपणा, चालताना जाणारा तोल, यांची दखल त्याच दिवशी घ्या.

घरी आल्यावर चूक माझीच झाली. पाठीवर रोज पावडर लावली, टाच मात्र पाहिली नाही. तिथे शय्याव्रण झाला आणि तो भरायला दोन महिने लागले. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी. टाचा, माकडहाड आणि कोपर रोज उजेडात पाहावेत. बरगड्या मोडल्या की माणूस दुखण्याच्या भीतीने खोल श्वास घेत नाही, खोकत नाही आणि न्यूमोनिया होतो. म्हणून वेदनाशामक औषध वेळेवर द्यावे आणि तीन चेंडूंच्या यंत्राने श्वासाचा व्यायाम करून घ्यावा. एकाच पोटरीला सूज आली, दुखू लागली, तर ती चोळू नये. आत रक्ताची गुठळी असू शकते. चष्मा, श्रवणयंत्र, घड्याळ आणि खिडकीतला उजेड, यांनी भांबावलेले मन ताळ्यावर यायला मदत होते.

प्लीहा नसलेल्या माणसाला काही जंतुसंसर्ग फार झपाट्याने ग्रासतात. न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिब यांच्या लसी डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्यात, आणि थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट पाहू नये. आमच्या घरी हा नियम आयुष्यभरासाठी आहे.

शुश्रूषा करणाऱ्याने एक वही ठेवावी. ताप, श्वास, लघवी, झोप, औषधे आणि रुग्णाचे स्वतःचे शब्द, सारे त्यात लिहावे. पाळीगणिक डॉक्टर बदलतात. वही बदलत नाही. माझ्या वहीचे पहिले पान मी नंतर आठवून लिहिले. त्यावर एकच ओळ आहे: "डावा खांदा दुखतो म्हणाले."

यजमान आता काठी घेऊन संध्याकाळी तलावापर्यंत चालत जातात. काही दुखले, तर मी आता त्यांना दटावत नाही. कुठे, कधीपासून, हे विचारते आणि वहीत लिहून ठेवते.