काचेवरचं पाणी आणि आपल्या घशातलं पाणी



चळवळीच्या ब्लॉगवर गाडी दुरुस्तीची गोष्ट कशाला, असं काही जण विचारतील. हाताचं काम हलकं आणि तोंडाचं काम थोर ही शिकवण मनूची आहे, आपली नाही. बाबासाहेबांनी १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात अस्पृश्य तरुणांसाठी तांत्रिक शिक्षणही मागितलं होतं. तेव्हा पाना-पक्कड हातात घ्यायला लाजू नका.

आमची सेकंडहॅन्ड गाडी शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या पट्ट्यात बैठकांना फिरते. आधीचा मालकही इकडचाच. उन्हाळ्यात काचेवर धूळ बसते आणि रात्री समोरून ट्रकचा लाइट आला की पुढचं काहीच दिसत नाही. अशा वेळी काचेवर पाणी मारणारी मोटार बंद असणं म्हणजे गाडीतल्या पाच कार्यकर्त्यांचा जीव टांगणीला. एका गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच सांगितलं, "मोटार, टाकी, स्विच, सगळंच बदला." का बदलायचं, ते मात्र सांगितलं नाही.

तथागतांचा धम्म 'या आणि पाहा' म्हणतो. कुणी जाणकार सांगतो म्हणून मानायचं नाही. तपासायचं.

दांडी ओढून कान दिला. घूंऽ आवाज आला असता तर मोटार फिरतेय आणि नळी निसटली किंवा नोझल तुंबलंय असं समजलो असतो. आवाजच नव्हता. फ्यूज काढून पाहिला, शाबूत. मग मोटारीचा प्लग काढला, त्यात टेस्ट लॅम्प लावला आणि दुसऱ्याला दांडी ओढायला सांगितलं. लॅम्प पेटला. म्हणजे स्विच, वायर, अर्थिंग सगळं ठीक. करंट मोटारीच्या दारापर्यंत येत होता, दोष मोटारीतच होता. टाकी रिकामी करून मोटार रबरी बूचातून ओढली, तर आतली जाळी आणि पाणी ढकलणारा पंखा पांढऱ्या खारात चिणून गेलेला. रात्रभर व्हिनेगरच्या पाण्यात ठेवली. सकाळी बॅटरीला क्षणभर जोडली आणि फिरली! (कोरडी जास्त वेळ फिरवू नका, जळते.) एक नोझल तुंबलेलं होतं, ते शिवणाच्या सुईने मोकळं केलं. खर्च व्हिनेगरच्या बाटलीचा.

आता खरा मुद्दा. तो खार आला कुठून? टाकीत वर्षानुवर्षे गावच्या बोअरचं पाणी पडत होतं. पूर्णा खोऱ्यातला हा खारपाणपट्टा, इथलं भूजलच खारं. आता गाडीत आम्ही विकतच्या जारचं पाणी ओततो. पण ज्या वस्तीत बैठक असते तिथली आमची माय हातपंपाचंच पाणी तांब्यात देते, कारण रोजचा जार तिला परवडत नाही. लोखंडाच्या यंत्राला जे पाणी चालत नाही ते माणसाच्या मूत्रपिंडाला कसं चालणार? पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत, असं भारतीय मानक सांगतं. आपल्या वस्तीच्या पाण्याचा आकडा आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

"योजना मंजूर आहे," असं उत्तर मिळतं. बोलेंचा ठराव १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला होता. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली तळं खुलं केलं होतं. करंट दारापर्यंत आला होता, पाणी मात्र आलं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारोंसह चवदार तळ्यावर जावं लागलं. त्यानंतरही कोर्टाची लढाई १९३७ पर्यंत चालली.

म्हणून नळ बसला की फोटो काढून थांबू नका. वस्तीतल्या शेवटच्या नळाला पाणी येतं का आणि किती वेळ येतं, ते वहीत लिहा. जलजीवन मिशनमध्ये गावात पाणी तपासायच्या किटची तरतूद आहे. ती किट कुठे आहे ते ग्रामपंचायत अधिकाऱ्याला विचारा. १ मेच्या ग्रामसभेत हातपंप आणि नळ दोन्हींच्या तपासणीचा अहवाल लेखी मागा, अर्जाची पोच घ्या. अहवाल मिळाला नाही तर माहिती अधिकारात मागा. अर्जावर पहिली सही त्या तांब्या देणाऱ्या मायची घ्या.