मुंबई टाइम

चि. मुक्ता,



तुमच्या कंपनीत हजेरीचं नवं ॲप आलं आणि त्यावरून निम्मं ऑफिस चिडलंय, हे वाचून मला चक्क आनंद झाला. रागावू नकोस. नवं यंत्र आलं की माणसं त्याच्याशी कशी वागतात, हे बघत बसायचं वेड मला शाळेपासून आहे. तुझी आई त्याला रिकामटेकडेपणा म्हणत आली. तू लिहितेस, तंत्रज्ञान पुढे धावतं आणि समाज मागून फरफटत येतो. मला हे पटत नाही. का, ते मुंबईच्या घड्याळांवरून सांगतो.

पूर्वी गावोगावची दुपार आपापली होती. सूर्य डोक्यावर आला की बारा. बैलगाडीच्या प्रवासात त्याने काही बिघडत नसे. आगगाडी आली आणि दर स्टेशनाला निराळी वेळ धरून वेळापत्रक छापणं अशक्य झालं. मग रेल्वेने मद्रासच्या वेधशाळेची वेळ घेतली, तारायंत्राने ती सगळीकडे कळू लागली. मुंबईपेक्षा ती अर्धा तास पुढे. स्टेशनात एक वेळ, शहरात दुसरी. लोकांनी चालवून घेतलं.

बिनसलं ते १८८१ मध्ये. गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन (हो, पुण्याच्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे तेच) यांनी मद्रासची वेळ सरकारी कचेऱ्यांना लागू केली. शहर इतकं बिथरलं की सरकारला माघार घ्यावी लागली. विद्यापीठाच्या सिनेटने राजाबाई टॉवरचं घड्याळ मुंबईच्याच वेळेवर ठेवायचं ठरवलं, तर सरकारने त्याच्या दिवाबत्तीचा खर्च नाकारला. एवढ्या मोठ्या साम्राज्याचा हा रुसवा मला फार आवडतो.

मग १ जानेवारी १९०६ पासून देशाला एकच प्रमाणवेळ आली. मुंबईची घड्याळं ३९ मिनिटं पुढे. आदल्याच वर्षी बंगालची फाळणी लादलेली, त्यामुळे सरकारी फर्मान म्हटलं की लोकांच्या कपाळाला आठी. पण गिरणी कामगारांचं दुखणं वेगळं होतं आणि मला तेच जास्त मोलाचं वाटतं. गिरण्यांत नुकते विजेचे दिवे आले होते. आधी अंधार पडला की माग थांबत. आता मालकांनी कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला. त्यावरून १९०५ मध्ये संप आणि दंगे झाले होते. त्यात हे घड्याळ. काट्यावरचा आकडा तोच, पण कामावर हजर व्हायचं ३९ मिनिटं आधी, थंडीच्या दिवसांत, काळोखात. जानेवारीतच एका गिरणीत काम बंद पडलं, घड्याळावर दगड बसले. यंत्राचा आंधळा द्वेष म्हणून हे हसण्यावारी नेणारे पुष्कळ आहेत. मी म्हणतो, ही मिनिटं कुणाच्या झोपेतून कापली जाताहेत, हे त्या माणसांना नेमकं कळलं होतं. पुढे १९११ च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांत पुरुषांच्या कामाला बारा तासांची मर्यादा घातली. बारा! तरी ती सुधारणाच. विजेच्या दिव्याने मालकांना रात्र मिळवून दिली होती. त्यातली थोडी कामगारांनी भांडून परत घेतली.

महापालिकेनेही आपली घड्याळं मुंबई टाइमवरच ठेवली. जवळपास अर्धशतक शहरात दोन वेळा नांदल्या. कुणी जेवायला बोलावलं तर ‘स्टँडर्ड की मुंबई?’ हे विचारून घ्यावं लागे. कलकत्त्याने १९४८ मध्ये आपली वेळ सोडली, मुंबईने त्यानंतर काही वर्षांनी. मिनिटं तीच ३९ होती. हुकूम देणारे तेवढे बदलले होते.

आता तुमच्या ॲपचं सविस्तर लिही. ते सफाई कामगारांना आणि ड्रायव्हरांना लागू आहे का? साहेबांना आहे का? उशीर मोजतं, तसं संध्याकाळी जास्त थांबलेलंही मोजतं का? तुम्ही मंडळी नुसतं ‘ॲप नको’ म्हणत असाल, तर चार दिवसांत गप्प बसाल. तासांचा हिशेब मागा, आणि तो लेखी मागा.

तुझा,
मामा