आमचे माळवद

आमचे गाव कळंब तालुक्यात आहे. आमचे घर जुने, माळवदाचे आहे. भिंती दगडमातीच्या आहेत. वर लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर पांढरी माती. म्हणून उन्हाळ्यात घर गार राहते.

दर वर्षी मिरगाच्या आधी वर माती टाकतात. पावसाळ्यात गवत उपटावे लागते. उंदराचे बीळ बुजवले नाही तर घर गळते. मग आई घमेली मांडते.

आजोबा म्हणतात, "नुसती माती टाकत गेलं की माळवद लई जड होतं." ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीला भूकंप झाला. तेव्हा दगडी भिंती आणि जड माळवदे पडून हजारो माणसे झोपेतच गेली. आमची माती हातभर झाली होती. म्हणून यंदा बाबांनी जुनी माती काढली आणि मगच थोडी नवी टाकली. ताईने आणि मी पाट्या दिल्या. एका तुळईला वाळवी लागली होती. तिच्याखाली नवा खांब दिला.

काका म्हणतात, "पाडा अन् स्लॅब टाका." आजी म्हणते, "मी हाय तवर राहू द्या." बाबा गप्प बसतात. मला भीती पण वाटते आणि घर पण आवडते.

तुमच्या माळवदावर माती किती झाली, ते घरी गेल्यावर जरूर मोजा.

— इयत्ता ४ थी