पिरियापट्टणचं गॅरेज आणि ताईची रेसची बाइक

म्हैसूरहून मडिकेरीला निघालेले बहुतेक पर्यटक पिरियापट्टण झोपेत ओलांडतात. हुणसूर मागे पडलं की डोळा लागतो, आणि जाग येते ती थेट बैलकुप्प्याच्या सोनेरी बौद्ध मंदिराशी किंवा कुशालनगरच्या नाश्त्याशी. मधलं हे तालुक्याचं गाव कुणाच्या फोटोत येत नाही. म्हैसूरपासून सुमारे ७० किलोमीटर. रेल्वे नाही, एसटी मात्र सारख्या असतात. ‘पिरिय’ म्हणजे जुन्या कन्नडमध्ये थोरला. आजच्या कन्नडमध्ये त्याचंच ‘हिरिय’ झालं. म्हणजे हे थोरलं पट्टण. मसणिकम्मा देवी हे इथलं दैवत, आणि तंबाखू हे इथलं पीक. रस्त्यालगतच्या शेतांमध्ये मध्येच उंच, जवळजवळ बिनखिडक्यांच्या खोल्या दिसतात, त्या तंबाखूची पानं भट्टीच्या उष्णतेवर वाळवण्याच्या. हंगामात खिडकी उघडी ठेवली तर त्या पानांचा गोडसर, जड वास गाडीत शिरतो आणि लवकर जात नाही.

आम्ही तिथे गेलो ते दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात, आणि कारण मंदिर नव्हतं की तंबाखूही नव्हता. माझी मावसबहीण म्हैसूरला नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी मोटरसायकलच्या रेसमध्ये भाग घेते. १६५ सीसीपर्यंतचा मुलींचा गट असतो, त्यात. तिची पुढची रेस कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर होती. रेसच्या गाड्या स्वतः बनवणाऱ्या एस. करिवर्धन यांच्या नावाचा हा ट्रॅक, २००३ मध्ये सुरू झालेला. रेसच्या आधी बाइकची तपासणी होते, तिला ही मंडळी ‘स्क्रूटिनी’ म्हणतात. त्यात बाइक नापास झाली तर रायडर कितीही तयारीची असो, ट्रॅकवर सोडत नाहीत.

ही तपासणी आमच्या घरात एवढी महत्त्वाची होण्याचं कारण वेगळं होतं. गेल्या वर्षी एका सरावाच्या दिवशी ताईच्या पुढे धावणाऱ्या बाइकच्या इंजिनाखालचा ऑइलचा बोल्ट सैल होऊन पडला. त्या मुलाला कळलंही नाही. तो आणखी दोन वळणं आरामात पार करून गेला. मागून येणारी ताई त्या ऑइलवरून घसरली आणि तिच्या खांद्याजवळचं कॉलरबोनचं हाड मोडलं. दोन महिने मावशीने तिची वेणी घालून दिली. त्यामुळे या वर्षी मावशीची एकच अट होती. ‘बाइक तयार होताना मी समोर बसणार. मला सगळं दाखवायचं.’

म्हणून आम्ही तिघी गाडीत, आणि बाइक मागून छोट्या हत्तीवर दोरीने बांधून. रेसच्या बाइकला दिवे नसतात, आरसे नसतात, नंबरप्लेट नसते; तिला साध्या रस्त्यावर चालवताच येत नाही.

आता म्हैसूरमध्ये शेकडो गॅरेज असताना पिरियापट्टणच का? तर गॅरेजच्या मालकामुळे. साठी ओलांडलेले, सगळे त्यांना अण्णाच म्हणतात. तरुणपणी ते म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात कामाला होते. यादवगिरीतल्या या कारखान्यातून १९६१ पासून जावा आणि पुढे येझदी मोटरसायकली बाहेर पडत होत्या. तुमच्या आजोबांकडे नसली तरी त्यांच्या एखाद्या मित्राकडे येझदी नक्की असेल. गल्लीच्या तोंडाशी आली की घरात कळायचं. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला आणि कामगार हातातलं कौशल्य घेऊन गावोगाव पांगले. म्हैसूर आणि आसपासच्या गावांत आजही जुन्या येझदी चांगल्या चालतात, त्याचं श्रेय मी तरी या माणसांना देईन.

दसऱ्यामुळे गॅरेज गच्च भरलेलं. कर्नाटकात आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, प्रत्येक वाहन धुऊन-पुसून पूजलं जातं, केळीचे खुंट बांधले जातात, चाकाखाली लिंबू ठेवलं जातं. मावशीनेही पिशवीतून हळदकुंकू आणि झेंडूची माळ काढली. अण्णांनी कुंकू लावू दिलं, माळ मात्र हसत परत केली. या बाइकवर जे जे सुटून पडू शकतं ते आज काढायचं आहे, असं त्यांनी कन्नड आणि दख्खनी हिंदीच्या मिश्रणात सांगितलं. मला वाटतं, सगळ्या तपासणीचं सार तेच आहे.

आरसे, इंडिकेटर, हेडलाइट, स्टँड, मागच्या माणसाचे पायठेवे हे सगळं आधीच निघालेलं होतं. काच फुटून ट्रॅकवर सांडली तर दहा जणांचे टायर कापले जातात. स्टँड वळणावर जमिनीला टेकलं तर बाइक उडते. हे समजायला सोपं आहे. खरा वेळ गेला तो तारेत.

इंजिनाच्या पोटाशी एक बोल्ट असतो, तो काढला की जुनं ऑइल खाली येतं. आपल्या गाडीच्या सर्व्हिसिंगमध्ये तुम्ही तो पाहिला असेल. रेसच्या बाइकमध्ये या बोल्टच्या डोक्यातून आरपार छिद्र पाडतात, त्यातून स्टीलची बारीक तार ओवतात, पकडीने पीळ देतात आणि दुसरं टोक इंजिनाच्या एखाद्या पक्क्या भागाला बांधतात. ऑइल भरायच्या झाकणाला तशीच तार, ऑइल फिल्टरच्या कव्हरच्या बोल्टनाही तशीच. छिद्र जेमतेम दीड मिलिमीटरचं, बोल्ट कडक पोलादाचा. अण्णांनी दोन ड्रिल बिट मोडली आणि प्रत्येक वेळी काहीही न बोलता नवं बसवलं.

मावशी जवळ सरकून बघत होती. तिने विचारलं, तारेने बोल्ट घट्ट होतो का? नाही. घट्ट करायचं काम पान्याचं. तार फक्त त्याला परत फिरू देत नाही. बोल्ट सैल होताना डावीकडे फिरतो, म्हणून तार अशी बांधायची की तिची ओढ उजवीकडे राहील. उलट्या बाजूने बांधलेली तार दिसायला अगदी तशीच दिसते आणि उपयोग शून्य. तपासणारा माणूस म्हणे आधी तेच बघतो: तार आहे का हे नंतर, तिची ओढ कुठल्या दिशेला आहे हे आधी. पीळ पूर्ण झाल्यावर टोक वाकवून आत दडवायचं, नाहीतर ते मेकॅनिकच्याच बोटात घुसतं.

गेल्या वर्षीच्या त्या बाइकला अशी तार नव्हती का, हे मावशीने विचारलं नाही. ताईनेही सांगितलं नाही. सरावाच्या दिवशी तपासणी रेससारखी कडक नसते, एवढंच ती म्हणाली.

दीडशे-एकशेसाठ सीसीच्या इंजिनात साधारण एक ते सव्वा लिटर ऑइल असतं. स्वयंपाकघरात तेलाची पिशवी फुटल्यावर फरशी पुसायला किती वेळ लागतो आठवा, म्हणजे ट्रॅकवर काय होत असेल ते कळेल. म्हणून तारेवरच भरवसा ठेवत नाहीत. इंजिनाखाली तसराळ्यासारखं एक कव्हर असतं, त्याला बेली पॅन म्हणतात. आंतरराष्ट्रीय नियम असा आहे की इंजिन फुटलंच तर त्यातलं निम्मं तरी ऑइल आणि पाणी या कव्हरात मावलं पाहिजे. त्याला तळाशी छिद्र असतं, ते कोरड्या हवेत बुचाने बंद ठेवायचं आणि पावसात उघडायचं, नाहीतर कव्हरात पावसाचंच पाणी साठेल. रेडिएटरमधलं हिरवं कूलंटही काढून टाकतात आणि साधं पाणी भरतात. कूलंट बुळबुळीत असतं, सांडलं तर लवकर सुकत नाही, पाणी सुकतं. अण्णांनी रेडिएटर तीनदा धुतला. शेवटचं पाणी पेल्यात घेऊन उजेडात धरलं आणि मगच मान हलवली.

इथे एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तार, कव्हर, पाणी यातलं काहीही बाइक चालवणाऱ्याला वाचवत नाही. ऑइल मागच्या चाकाखाली येऊन तोही पडू शकतो, पण बहुतेकदा तो पुढे निघून जातो. हे सगळं मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी आहे. ताई स्वतःच्या बाइकवर एवढा वेळ आणि पैसा घालत होती, तो दुसऱ्या कुणाचं हाड मोडू नये म्हणून. तिच्या सुरक्षिततेची तार दुसऱ्या कुणाच्या गॅरेजमध्ये पिळली जात होती.

मग रायडरसाठीच्या गोष्टी आल्या. हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवायचं आणि दोन्हीकडे अ‍ॅक्सिलरेटर पिळून सोडायचा. सोडताक्षणी तो आपोआप मागे गेलाच पाहिजे. केबल कुठे ताणली जात असेल तर वळणावरच इंजिन वाढतं. इंजिन बंद करायचं बटण हँडलवरचा हात न काढता अंगठ्याने दाबता आलं पाहिजे. ब्रेक आणि क्लचच्या दांड्यांच्या टोकांना गोल गुंडी हवी, कमीत कमी १६ मिलिमीटर व्यासाची, म्हणजे पडल्यावर ती कुणाच्या अंगात घुसू नये. हँडलच्या उघड्या टोकांना बूच. चाक दोन्ही हातांनी धरून हलवून बघायचं, बेअरिंग खेळतंय का. नियम गटागटाप्रमाणे थोडे बदलतात, म्हणून त्या रेसचं नियमपुस्तक आधी वाचून काढायचं. ताईने ते छापून आणलं होतं आणि अण्णांच्या फळीवर ते ऑइलच्या बोटांनी डागाळलं होतं.

मागच्या दातेरी चक्राजवळ खालच्या बाजूला पत्र्याचा एक छोटासा पंखा बसवला, माशाच्या कल्ल्यासारखा. चेन आणि चक्र जिथे एकत्र येतात तिथे पडलेल्या रायडरचं बोट जाऊ नये म्हणून. हे मात्र मावशीला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. ‘म्हणजे साडी गार्डच की,’ ती म्हणाली. बरोबर आहे. आपल्याकडच्या मोटार वाहन नियमांत दुचाकीला मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारी जाळी बंधनकारक आहे, मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून. आणि आपण काय करतो? गाडी ‘स्पोर्टी’ दिसावी म्हणून शोरूममधून बाहेर पडल्याबरोबर ती काढून टाकतो. ओढणी चाकात गेल्याच्या बातम्या दरवर्षी वाचतो. रेसवाले जाळी बसवायला ड्रिल मोडतात आणि आपण बसवलेली उतरवतो!

एवढं करूनही रेसमध्ये एखादी बाइक गळू लागली तर? त्यासाठी झेंडा असतो. काळ्या कापडावर नारिंगी गोल, आणि सोबत त्या बाइकचा नंबर. तो दिसला की त्या रायडरने ताबडतोब ट्रॅक सोडायचा, पहिल्या नंबरावर असला तरी. ट्रॅक निसरडा झाल्याचा झेंडा वेगळा, पिवळ्या-तांबड्या पट्ट्यांचा. बाइक पडली तर उचलून तशीच पुन्हा उतरवता येत नाही, तपासणी परत होते. हे ऐकून मावशीचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल झाला. मध्ये मुलाने फिल्टर कॉफी आणि मद्दूर वडे आणले होते, ते तिने तोवर हातातच धरले होते.

शेवटी ताईने पिशवीतून स्वतःचा पोशाख काढून बाकावर मांडला, कारण स्क्रूटिनीला तोही तपासतात. चामड्याचा अखंड सूट, पाठीचा कणा जपणारं कवच, घोट्याच्या वरपर्यंतचे बूट, हेल्मेट. हेल्मेटवर मान्यताप्राप्त प्रमाणाचं लेबल लागतं, पट्टा दोन कड्यांतून ओवायचा असतो, आणि एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून कितीही चांगलं दिसो, ते बाद. गेल्या वर्षीचं ताईने लगेच टाकून दिलं होतं.

मावशी तीस वर्षं ब्लाउज शिवते. तिने हेल्मेटकडे पाहिलंही नाही. थेट हातमोजे उचलले. उजव्या हातमोज्याची मनगटाची पट्टी उलटी करून तिने शिवणीवरून अंगठा फिरवला, आणि एका जागी थांबली. वरून पट्टी ठीक होती, आतल्या बाजूला चार-पाच टाके उसवलेले. पडल्यावर हातमोजा निघून जायला तेवढे पुरे.

अण्णांनी चष्मा वर करून ती जागा पाहिली. मग फळीवरचं नियमपुस्तक मावशीच्या हातात दिलं आणि बाइककडे बोट दाखवलं. ती पदर खोचून स्टुलावरून उठली आणि पुढच्या चाकापासून सुरुवात केली.