फटींचा हिशेब

नव्याने बांधलेले इंजिन पहिल्यांदा सुरू होते तेव्हा ऑइल प्रेशरचा काटा सहसा झोकात वर चढतो. तेल गार असते, दाट असते. खरा निकाल इंजिन तापल्यावर लागतो. तेल पातळ होते, स्लो-स्पीडला काटा उतरू लागतो आणि डॅशबोर्डवरचा तांबडा दिवा मिणमिणतो. बोअर नवे, पिस्टन नवे, क्रँक ग्राइंड करून आणलेला, आणि दाब मात्र उघडण्यापूर्वीच्या खिळखिळ्या इंजिनापेक्षाही कमी! अशा वेळी गॅरेजात पहिला आरोप पंपावर येतो. नवा पंप बसतो, पैसे जातात, काटा होता तिथेच राहतो.

पंप दाब निर्माण करत नाही. तो तेल ढकलतो. दाब उभा राहतो तो तेलाची वाट अडल्यामुळे, आणि ही वाट म्हणजे मुख्यतः क्रँकचे जर्नल आणि बेअरिंगचे शेल यांच्यामधली फट. जर्नलच्या दर इंच व्यासामागे एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, असा जुना ठोकताळा आहे. दोन इंची जर्नलला दोन थाऊ, सुमारे ०.०५ मिलिमीटर: माणसाच्या केसाहून बारीक. पण या फटीतून निसटणारे तेल तिच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट झाली की गळती आठपट. लेथवरची एका थाऊची ढिलाई म्हणूनच महागात पडते. पंप फेऱ्यांच्या प्रमाणात तेल देतो, त्यामुळे वेगात ही गळती झाकली जाते आणि स्लोला उघडी पडते.

जर्नलला पेलून धरतो तो पंपाचा दाब नव्हेच. इंग्लंडमध्ये बीचम टॉवर यांनी मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या संस्थेसाठी बेअरिंगवर प्रयोग केले. त्यांचा अहवाल १८८३ चा. बेअरिंगच्या माथ्यावर तेलासाठी भोक पाडले, तर तेल आत जाण्याऐवजी वर उसळू लागले. लाकडी गुडदी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. गेज जोडले तेव्हा काटा चौरस इंचाला २०० पौंडांच्या पुढे गेला. फिरणारा दांडा स्वतःच तेलाची पाचर ओढून घेतो आणि तिच्यावर तरंगतो. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी हे गणितात बसवले. पंपाने फक्त त्या पाचरीला तेल कमी पडू द्यायचे नाही. म्हणूनच एक फसवा प्रकार घडतो: भोक नसलेले शेल चुकून ब्लॉकच्या बाजूला बसले तर तेलाची वाटच बंद होते. काटा छान दाब दाखवतो आणि बेअरिंग कोरडे जळते.

निदानाची सुरुवात मात्र काट्यावरच संशय घेऊन करावी. विजेवर चालणारे सेंडर बिघडतात. त्यांच्या जागी साधे मेकॅनिकल गेज लावून, इंजिन पूर्ण तापवून आकडा घ्यावा. हजार फेऱ्यांमागे दहा पौंड हा प्रचलित अंदाज. शेवटचा शब्द त्या इंजिनाच्या मॅन्युअलचा.

मग काट्याची चाल पाहावी. सुरू करताच दाब शून्य असेल तर तेलाची पातळी पाहावी; ती ठीक असेल तर पंपाने तेल उचललेलेच नाही, म्हणजे बहुधा तो कोरडा बसवला गेला. काटा थरथरत असेल तर बहुधा पंपाला तेल पुरवणाऱ्या जाळीच्या नळीच्या जोडातून हवा ओढली जाते आहे. तिथली एखादी रबरी रिंग राहिलेली असते. गार असतानाही कोणत्याच वेगाला दाब चढत नसेल तर रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकला असण्याचा संभव मोठा. लेथकामाचा एक किसही त्यासाठी पुरतो, आणि तेलवाहिन्या ब्रशने न घासता नुसत्या हवेने फुंकल्या की असा किस आत राहतोच. वाहिन्या धुण्यासाठी काढलेला प्लग परत लावायचा राहिला तरी हेच लक्षण. टायमिंग कव्हरमागचा प्लग विसरायला विशेष सोपा.

गार असताना भरपूर आणि तापल्यावर स्लोला काहीच नाही, अशी चाल असेल तर प्रथम तेल पाहावे. त्याला डिझेल-पेट्रोलचा वास येतो का, ग्रेड फारच पातळ आहे का? तेल निर्दोष निघाले तर बेअरिंगकडे वळावे लागते. इंजिनाखालचे तेलाचे चेंबर उतरवून बेअरिंगची एकेक कॅप काढायची, जर्नलवर प्लास्टिगेजचा बारीक दोरा क्रँकच्या लांबीच्या दिशेने ठेवायचा, कॅप ठरलेल्या टॉर्कला आवळून पुन्हा काढायची. चेपलेल्या दोऱ्याची रुंदी पाकिटावरच्या पट्टीशी ताडली की फट कळते. या दरम्यान क्रँक जराही फिरवायचा नाही. क्रँक दहा थाऊने ग्राइंड झालेला आणि शेल मात्र स्टँडर्ड मापाचे, हा घोटाळा इथे सापडतो. शेलच्या पाठीवरचा आकडा बसवतानाच वाचला असता तर इंजिन पुन्हा उघडावे लागले नसते. मेन आणि बिग एंड दोन्ही बेअरिंग मापात निघाले, तर कॅमशाफ्टच्या बुशी तपासायच्या. त्याही ठीक असतील तर पंपाची पाळी येते: झाकण काढून, गिअरच्या माथ्यावर सरळ पट्टी धरून, खालची फट फिलर गेजने मोजायची.