लांबून आलेली लाट

गुहागरला आमच्या घरापुढे नारळ-पोफळीची वाडी आणि वाडीपलीकडे समुद्र. घरातून तो दिसायचा नाही, ऐकू यायचा. पावसाळ्यात गाज एवढी वाढायची की जेवताना मोठ्यानं बोलावं लागे. आजी अंथरुणात पडल्या पडल्या आवाजावरून भरती की ओहोटी ते सांगायची. मुलींना मात्र पाण्यात घोट्यापर्यंतच मुभा. भाऊ पोहायचे, आम्ही परकर आवरून फेसाच्या कडेला उभ्या राहायचो आणि पायाखालची वाळू सरकताना बघायचो. लाटेचं शेवटचं टोक तेवढं आमच्या वाट्याला यायचं.

मे महिन्यात कधी कधी वारा पडलेला असे, आभाळ निरभ्र, आणि तरी रुंद, संथ, मोठाल्या लाटा येत राहायच्या. होडी आणखी वर ओढून घेताना एक म्हातारा खारवी म्हणाला होता, "ही इथली नव्हे. लांबून आलीय." किती लांबून, ते त्यालाही ठाऊक नसावं. पण ते वाक्य माझ्यात रुतून बसलं.

पुण्यात बी.एस्सी.ला असताना प्रयोगशाळेत उथळ पाण्यात तरंग उठवायचो. वर टाकलेला बुचाचा तुकडा जागच्या जागी वरखाली व्हायचा, पुढे जायचा नाही. पाणी तिथंच राहतं, पुढे सरकतो तो हेलकावा. पुढे समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक यांच्याविषयी वाचलं. १९६३ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत मोजणीची ठाणी मांडली आणि दक्षिणेच्या वादळांत उठलेल्या लाटा अख्खा प्रशांत महासागर ओलांडताना टिपल्या. आपल्या किनाऱ्यावरही एप्रिल-मेमध्ये अशाच लाटा येतात, थेट दक्षिण हिंदी महासागरातून. केरळात त्या कधी घरांत शिरतात. तिथले लोक त्याला 'कल्लक्कडल' म्हणतात, आणि हैदराबादची इन्कॉइस ही संस्था आता त्याचा आगाऊ इशारा देते. खारव्याचं म्हणणं खरं होतं, हे कळायला मला निम्मं आयुष्य लागलं.

म्हणून कॉलेजातल्या मैत्रिणींनी पन्नाशी ओलांडल्यावर एकत्र कुठंतरी जायचं काढलं, तेव्हा मी कर्नाटकच्या किनाऱ्यावरच्या मुल्कीचं नाव पुढे केलं. एप्रिलची अखेर होती. कोकण रेल्वे थेट मुल्कीला उतरवते. समुद्रही तोच, आमचाच अरबी समुद्र. इथं शांभवी आणि नंदिनी या नद्या एकत्र येऊन समुद्राला मिळतात आणि मुखाशी वाळूचे दांडे साचतात. लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट खोली उरली की लाट फुटते, म्हणून कुठं फुटणार हे ती वाळू ठरवते. अमेरिकेतून आलेल्या जॅक हेब्नर यांनी, लोक त्यांना 'सर्फिंग स्वामी' म्हणत, २००४ साली इथल्या आश्रमात सर्फिंग रुजवलं. आज शिकवणाऱ्यांत आसपासच्या मच्छीमार घरांतली मुलं आहेत. समुद्राची ओढ कुठून आत नेते, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक असतं.

दिवसांना घाई नव्हती. सकाळी नीर डोसा, दुपारी नदीकाठी झोप, संध्याकाळी गोळीबजे आणि कॉलेजातल्या त्याच त्या गोष्टी. पण माझं मन लागलं ते फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे. शिकवणाऱ्या मुलांनी बोर्ड धरून आम्हाला तिथवर नेलं. तिथं गेलं की काही करायचं नसतं. बोर्डवर पाय सोडून बसायचं आणि किनाऱ्याकडे पाठ करून क्षितिजाकडे बघत राहायचं. लाटा सलग येत नाहीत, तीन-चारचा जथा येतो, मग पाणी बराच वेळ सपाट. त्या सपाट वेळात आम्ही जे बोललो ते घरच्या दिवाणखान्यात कधी बोललो नसतो. एकीनं नवऱ्याच्या आजारपणाची वर्षं पहिल्यांदा सांगितली. कुणी सल्ला दिला नाही. मधेच लाट खालून उचलायची, खाली ठेवायची, आणि बोलणं पुढे चालू. इतकी विश्रांती मला दुसऱ्या कुठल्या सुट्टीत मिळालेली नाही.

संगमनेरची मैत्रीण समुद्रात आयुष्यात पहिल्यांदाच उतरली होती. क्षितिजावर काळसर रेघ उठली तेव्हा तिनं विचारलं, "अगं, ही येते तरी कुठून?" मी सांगितलं: दोन लाटांत पंधरा सेकंदांचं अंतर असलं तर खोल समुद्रात त्यांचा तांडा ताशी चाळीसेक किलोमीटर चालतो. वादळ सात हजार किलोमीटरवर झालं असेल, तर ही आठवडाभर वाटेत होती.

"आठवडाभर!" ती म्हणाली. "मग हिला रिकामी कशाला जाऊ द्यायची?" आणि बोर्ड वळवून ती पालथी झाली, हातांनी पाणी मारू लागली. उभी नाही राहिली. गुडघ्यांवर, दोन्ही कडा घट्ट धरून, वाळूपर्यंत गेली. मागून आम्ही सगळ्या तिच्या नावानं ओरडत होतो.