राणी शोधायची वेळ

वळवाची सर पडली की मुंग्या पाळणाऱ्या आम्हा मंडळींचा पाय घरात ठरत नाही. पण पाऊस कोसळत असताना बाहेर पळण्यात अर्थ नसतो, तेव्हा राणी उडत नाही. काल-परवा जमीन भिजलेली, आज दिवसभर उकाडा, वारा पडलेला, हवा अंगाला चिकटणारी. असं सगळं जुळून आलं की ती संध्याकाळ राखून ठेवावी. पुण्याकडे मेच्या अखेरीपासून मृगापर्यंत अशा संध्याकाळी येतात, आणि मोठ्या काळ्या मुंगळ्यांसाठी मी त्यांचीच वाट पाहतो.

मीलनासाठी उडायला मुंग्याही अशीच वेळ का गाठतात? एका जातीच्या अनेक वारुळांतून राण्या आणि नर एकाच सुमारास निघाले, तरच परक्या वारुळातला जोडीदार भेटतो. शिवाय कोतवाल, पाली, बेडूक खाऊन खाऊन किती खाणार? काही राण्या वाचतातच. आणि खाली उतरल्यावर बीळ खणायला भुई मऊ लागते.

नवखी माणसं दिव्याखाली शोधतात. तिथं बहुतेक गर्दी वाळवीच्या पाखरांची असते. त्यांचे चारही पंख सारखे, कंबर जाड, मिशा सरळ. मुंगीची मिशी कोपरातून वाकलेली, कंबर बारीक आणि पुढचे पंख मागच्यांहून मोठे. एवढं पाहिलं तरी गफलत होत नाही.

माझं ठाम मत आहे की हवेतला गोंधळ सोडून द्यावा आणि जमीन पाहावी. उड्डाण ओसरल्यानंतरचा तासभर आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ, हीच खरी वेळ. फरशीच्या कडेनं, झाडाच्या बुंध्याशी, पायवाटेवर एखादी मोठी मुंगी एकटीच लगबगीनं फिरताना दिसते. ती कुठल्याही रांगेत नसते, प्रत्येक फटीत डोकं घालून पाहते. तिची छाती फुगीर असते, कारण उडण्याचे स्नायू तिथंच असतात. भिंगातून पाहिलं तर छातीच्या बाजूंना पंख गळाल्याच्या खुणा दिसतात. पंख ती स्वतःच उतरवते. पाय उचलून पंखांवर दाबते, अंग वाकवते, पुन्हा दाबते, आणि ते बुडापासून निखळतात. हे पाहताना मी अजूनही श्वास रोखून धरतो.

पुढचं सगळं अंधारात चालतं. नर एव्हाना मेलेले किंवा मरणाच्या दारात असतात. त्यांच्याकडून मिळालेले शुक्राणू राणी आयुष्यभर पुरवते. मुंगळ्याची राणी स्वतःला बिळात कोंडून घेते, बाहेर खायला येत नाही. निरुपयोगी झालेले उडण्याचे स्नायू विरघळतात, त्यांवर आणि अंगातल्या चरबीवर पहिली पिल्लं पोसली जातात. म्हणून घरी आणून परीक्षानळीत ठेवलेल्या राणीलाही फक्त कापसामागचं पाणी, काळोख आणि शांतता हवी. पहिल्या, आकारानं लहान कामकरी मुंग्या येईपर्यंत खाऊ घालायची घाई करू नये, नळी सारखी उचलून पाहू नये. युरोपातल्या काळ्या बागमुंगीची एक राणी बंदिवासात 28 वर्षांहून जास्त जगल्याची नोंद आहे, तेव्हा नळी हाती घेणाऱ्यानं आपल्या उत्साहाचं आयुष्यही तपासून घ्यावं.

एक विनंती. वारुळाच्या तोंडाशी पंखांसह घुटमळणारी राणी उचलू नका. तिचं मीलन बहुधा झालेलं नसतं, तिच्यापासून वसाहत उभी राहणार नाही. पंख उतरवून भटकणारी दिसली तर एखादीच घ्या, बाकीच्यांना त्यांची जागा शोधू द्या.